आर्दो आणि आर्नो : इरुलेगीचे पांढरे द्राक्षमद्य आणि बास्क शब्दांची साक्ष

१

फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वताच्या उत्तर उतारावर, बास्क प्रदेशाच्या 'खालचा नव्हारा' या भागात, इरुलेगी नावाचे एक लहानसे खेडे आहे. या खेड्याच्या नावाने ओळखले जाणारे द्राक्षमद्य त्याच्या आणि आसपासच्या गावांच्या डोंगर-उतारांवर पिकणाऱ्या द्राक्षांपासून तयार होते. लागवडीखालील एकंदर क्षेत्र अडीचशे हेक्टरांच्या आतबाहेर आहे. बोर्दोसारख्या विख्यात प्रदेशाशी तुलना केल्यास ते नगण्यच म्हणावे लागेल. यात तांबडे व गुलाबी मद्य अधिक. पांढऱ्याचा वाटा लहान. तथापि, या लहान वाट्याच्या निमित्ताने इतिहासाच्या पद्धतीसंबंधीचा एक मोठा प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इरुलेगीच्या द्राक्षमळ्यांविषयी दोन मते रूढ आहेत. पहिल्या मताप्रमाणे, घाटमाथ्यापलीकडील रॉन्सेसव्हाल्येस येथील मठवासीयांनी मध्ययुगात येथे वेली लावल्या. तत्पूर्वी या डोंगराळ मुलखाला द्राक्षमद्य ठाऊक नव्हते. दुसरे मत याच्या अगदी उलट आहे. बास्क भाषेतील मद्यवाचक शब्द लॅटिन नाही. सबब रोमनांच्याही आधीपासून बास्क लोक द्राक्षे पिकवीत व मद्य करीत असले पाहिजेत, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. पहिल्या मताला मठाच्या प्रतिष्ठेचे पाठबळ आहे, दुसऱ्याला भाषाभिमानाचे. बाटलीवरील चिठ्ठीला दोन्ही मते सारखीच उपयोगी पडतात, म्हणून ती शेजारी शेजारी सुखाने नांदतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र दोहोंपैकी कोणत्या विधानाला कोणता पुरावा आहे, हे पाहणे भाग आहे.

२

प्रथम भूमीचा विचार करू. सँ-झाँ-पिए-द-पोर या तटबंदीच्या गावाचे फ्रेंच नावच मुळी 'घाटाच्या पायथ्याचे सेंट जॉन' असे आहे. बास्क भाषेत त्याला दोनिबाने गारासी म्हणतात. तेथून पश्चिमेस बाइगोरीच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या टेकड्यांच्या दक्षिणाभिमुख उतारांवर हे मळे आहेत. त्यांची उंची साधारणतः दोनशे ते चारशे मीटर. काही ठिकाणी चढ इतका तीव्र आहे की डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरून, त्या अरुंद ताल्यांवर वेलींची एकेक-दोनदोन ओळ लावावी लागते. तोडणी हातांनीच होते. जमीन एकजिनसी नाही. कोठे तांबडा वालुकाश्म, कोठे चुनखडक, तर कोठे ज्वालामुखीजन्य ओफाइट आढळतो.

अटलांटिक महासागर जवळ असल्याने पाऊस भरपूर पडतो आणि वेलींना बुरशीचे भय सतत असते. या कारणाने वेली जमिनीपासून उंच चढवितात, म्हणजे खालून वारा खेळता राहतो. शरदऋतूत मात्र दक्षिणेचा वारा पर्वत ओलांडून येतो. माथ्यापलीकडे ओलावा टाकून तो खाली उतरतो, उतरताना तापतो आणि कोरडा होतो. बास्क शेतकरी त्याला 'हेगो आइसेआ', म्हणजे दक्षिणवारा, असे नाव देतात. उशिरा पिकणाऱ्या द्राक्षांना हाच वारा पक्वता देतो. पांढऱ्या मद्यासाठी लागणाऱ्या ग्रो मानसेंग, पती मानसेंग आणि पती कुर्बू या जाती येथे टिकतात, त्याचे एक कारण हे आहे. मानसेंगच्या दोन्ही जातींची साल जाड असते आणि घड पूर्ण पिकले तरी त्यांतील आम्लता उतरत नाही. पूर्वेकडील जुराँसों प्रदेशात पती मानसेंगची द्राक्षे वेलीवरच सुकू देऊन गोड मद्य करतात. इरुलेगीचे पांढरे मद्य मात्र गोडसर नसते.

या वर्णनावरून एक निष्कर्ष सहज निघतो. अशा भूमीत द्राक्षमळा आपोआप उभा राहत नाही. उतार बांधून काढणे, त्याची दरवर्षी डागडुजी करणे, ओलाव्याशी झगडणे, ही कामे करण्यास संघटित श्रम आणि चिकाटी लागते. एकट्यादुकट्या धनगराचे ते काम नव्हे. मठाने मळे लावल्याची परंपरा पटण्याजोगी वाटते ती यामुळेच.

३

रॉन्सेसव्हाल्येसचा मठ व त्याला जोडलेली यात्रेकरूंची धर्मशाळा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, पाम्प्लोनाच्या बिशपच्या आश्रयाने, स्थापन झाली. गालिसिया प्रांतातील सांतियागो येथे संत जेम्सच्या समाधीच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू फ्रान्समधून याच घाटाने स्पेनमध्ये उतरत. त्यांना भाकरी, निवारा आणि पेय पुरविणे हे मठाचे कर्तव्य होते. ख्रिस्ती उपासनेतही द्राक्षमद्य अपरिहार्य होते. पर्वतमाथ्याजवळील त्या थंड जागी द्राक्ष पिकत नाही. तेव्हा उत्तर उताराच्या सखल, उबदार खोऱ्यात मठाने मळे लावले, अशी परंपरा आहे आणि इरुलेगी व आन्हो या गावांची नावे त्या संदर्भात घेतली जातात.

त्या काळी पर्वताच्या दोन्ही बाजू एकाच नव्हारा राज्यात होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. माथ्यावरचा मठ आणि पायथ्याचा मळा यांच्यामध्ये सीमा नव्हती. १५१२ मध्ये आरागोनचा राजा फर्दिनांद याने नव्हारा जिंकला. पुढे १५३० च्या सुमारास सम्राट पाचव्या चार्ल्सने उत्तरेकडील तुकडा राखणे अवघड म्हणून सोडून दिला आणि तेथे नव्हाराच्या जुन्या राजघराण्याची सत्ता राहिली. १६२० मध्ये तेरावा लुई याने तो भाग फ्रान्सच्या राजमुकुटाला जोडला आणि १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने पर्वतरांग ही दोन राज्यांची सीमा म्हणून मान्य झाली. या घडामोडींत मठाचा उत्तरेकडील मळ्यांवरचा ताबा सैल होत गेला आणि मळे स्थानिक शेतकऱ्यांच्या हाती आले, असे सांगतात.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेलींवरील बुरशीचे रोग आणि फायलॉक्सेरा ही मुळे कुरतडणारी कीड यांनी फ्रान्सभर जो विध्वंस केला, त्यातून हा कोपराही सुटला नाही. त्याच काळात खालच्या नव्हाऱ्यातील तरुण मोठ्या संख्येने दक्षिण अमेरिकेत जाऊ लागले. उतारावरच्या ताल्या ओस पडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर उरल्यासुरल्या उत्पादकांनी १९५२ मध्ये बाइगोरी येथे सहकारी संस्था स्थापन केली. १९५३ मध्ये मद्याला दुय्यम श्रेणीची शासकीय मान्यता मिळाली आणि १९७० मध्ये 'नियंत्रित मूलस्थाननाम' हा वरचा दर्जा प्राप्त झाला. तेव्हाही पांढरे मद्य जवळजवळ नामशेष होते. मानसेंग व कुर्बू यांची पुन्हा लागवड होऊन पांढऱ्या मद्याला खरा जीव आला तो १९८० नंतरच्या दशकात. म्हणजे ज्या पांढऱ्या मद्याच्या प्राचीनतेचा एवढा गवगवा होतो, ते आजच्या रूपात अर्ध्या शतकाइतकेही जुने नाही.

४

आता जुन्या लेखी पुराव्याकडे वळू. इ. स. ११४० च्या सुमारास सांतियागोच्या यात्रेकरूंसाठी एक लॅटिन मार्गदर्शिका रचली गेली. 'कोदेक्स कालिक्स्तिनुस' या हस्तलिखिताचा तो पाचवा भाग होय. त्याचे कर्तृत्व एमरी पिको नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाकडे देण्याची प्रथा आहे. ग्रंथकार कोणीही असो, तो पश्चिम फ्रान्समधील प्वातू प्रांताचा अभिमानी आहे आणि बास्क व नव्हारी लोकांविषयी त्याच्या मनात उघड तिटकारा आहे. त्याची साक्ष घेताना हे विसरून चालणार नाही.

या मार्गदर्शिकेत दोन गोष्टी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, सीझच्या घाटाच्या अलीकडील, म्हणजे उत्तरेकडील, बास्क भूमीचे वर्णन करताना ग्रंथकार तिला अरण्यमय आणि डोंगराळ म्हणतो, तेथे भाकरी व द्राक्षमद्य यांचा अभाव असल्याचे सांगतो आणि त्याची भरपाई म्हणून सफरचंदे, सफरचंदाचे मद्य व दूध यांचा उल्लेख करतो. घाटापलीकडील नव्हारी भूमी मात्र धान्य, मद्य, दूध आणि गुरे यांनी समृद्ध आहे, असे त्याचे म्हणणे. दुसरी गोष्ट अशी की, नव्हारी लोकांच्या चालीरीती सांगताना त्याने त्यांच्या भाषेतील डझनभर शब्द अर्थांसह नोंदविले आहेत. घर, मालक, मालकीण, भाकरी, मांस, मासा, गहू, पाणी असे ते नित्याच्या व्यवहारातील शब्द आहेत. वाटसरूला जे लागते तेच त्याने टिपले, हे उघड आहे. त्यांत द्राक्षमद्य या अर्थी 'आर्दुम' असा शब्द आहे.

बास्क भाषेत छापलेले पहिले पुस्तक १५४५ मध्ये बोर्दो येथे निघाले. त्याचा कर्ता बेर्नात एचेपारे हा सँ-झाँ-पिए-द-पोरच्या परिसरातीलच धर्मगुरू होता. म्हणजे पिकोची शब्दयादी त्याहून चारशे वर्षांनी जुनी ठरते. अखंड बास्क लेखन ज्या काळी नव्हते, त्या काळच्या मोजक्या नोंदींत मद्याचा शब्द सापडावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. स्वाभाविकच प्राचीनतावादी मंडळी या 'आर्दुम'चा हवाला देतात. परंतु त्याच ग्रंथातील उत्तरेच्या मद्यहीनतेचे वाक्य ते सोडून देतात. मठपक्षीय मंडळी याच्या उलट करतात. एकाच ग्रंथातील दोन विधानांपैकी सोयीचे तेवढे उचलणे ही पुराव्याची हाताळणी नव्हे.

वस्तुतः दोन विधानांत विरोधच नाही. मद्य नसल्याचे विधान उत्तरेकडील भूमीसंबंधी आहे. शब्दांची यादी दक्षिणेकडील लोकांच्या वर्णनात आली आहे. दोन्हीकडील भाषा सारखी असल्याचे ग्रंथकार स्वतःच म्हणतो, त्यामुळे शब्द नेमका कोठे कानी पडला हे केवळ ग्रंथातील स्थानावरून निश्चित होत नाही. येथे ध्वनिविचाराची मदत घ्यावी लागते.

५

आजच्या बास्क बोलींत द्राक्षमद्याला एकच शब्द नाही. एकाच मूळ शब्दाची निरनिराळी रूपे आहेत. पश्चिमेकडील बिस्काइया बोलीत 'आर्दाओ', मध्यभागी व दक्षिणेकडे मुख्यतः 'आर्दो', पूर्वेकडील सूल प्रांतात अनुनासिक शेवट असलेला 'आर्दुँ', आणि लाबूर व खालचा नव्हारा या उत्तरेकडील प्रांतांत 'आर्नो'. इरुलेगी या शेवटच्या पट्ट्यात येते.

या सर्व रूपांचे मूळ 'आर्दानो' असे होते, ही पुनर्रचना बास्क ध्वनीतिहासाचे आचार्य लुइस मिचेलेना यांच्या कार्यामुळे सर्वमान्य झाली आहे. त्यांचा बास्क ध्वनीतिहासावरील स्पॅनिश ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. बास्कमध्ये एके काळी दोन स्वरांमधील 'न' लोप पावला, हा त्यातला एक पायाभूत नियम. लॅटिनमधून घेतलेल्या शब्दांवरून तो स्वच्छ दिसतो. साखळी या अर्थी लॅटिन 'कातेना' पासून बास्क 'कातेआ' झाला. मुकुटवाचक 'कोरोना' चा 'कोरोआ' झाला. बदकवाचक 'आनातेम' पासून 'आहाते' आला. आपल्याकडे 'राजकुल' चे 'राऊळ' आणि 'देवकुल' चे 'देऊळ' होताना दोन स्वरांमधील व्यंजने अशीच झिजली, हे वाचकांना ठाऊकच आहे. याच नियमाने 'आर्दानो' चे 'आर्दाओ' आणि पुढे 'आर्दो' झाले. मूळचा 'न' समासात मात्र टिकला. द्राक्षमळा या अर्थाच्या 'आर्दान्त्से' या शब्दात तो आजही ऐकू येतो.

पिकोच्या 'आर्दुम' मधील शेवटच्या 'म' चा उलगडा दोन प्रकारे करता येतो. त्याने अर्थ लॅटिन द्वितीयेत दिले असल्याने बास्क शब्दालाही त्याने लॅटिन प्रत्यय चिकटविला असेल. किंवा 'न' लोपल्यानंतर मागे राहिलेला अनुनासिक स्वर त्याच्या कानांना तसा लागला असेल. सूलच्या बोलीत ती अनुनासिकता अद्याप असल्याने दुसरा अर्थही असंभाव्य म्हणता येत नाही. कसेही मानले तरी एक गोष्ट निश्चित होते. लॅटिन शब्द बास्कमध्ये रुळल्यानंतर, परंतु बाराव्या शतकाच्या मध्यापूर्वी, 'न' लोपाचा हा व्यापार घडून गेला होता.

आता 'आर्नो' पाहा. यात 'न' आहे आणि 'द' नाही. 'आर्दो' पासून हे रूप कोणत्याही ज्ञात नियमाने निघत नाही, कारण 'आर्दो' मध्ये 'न' उरलेलाच नाही. 'आर्दानो' मधील दुसरा 'आ' आधी गळून 'आर्द्नो' झाले, त्यामुळे 'न' दोन स्वरांमध्ये राहिला नाही व लोपापासून वाचला. पुढे व्यंजनांच्या गर्दीतून 'द' गेला आणि 'आर्नो' उरले, हीच सर्वसाधारणपणे मान्य असलेली परंपरा होय. याचा अर्थ असा की, उत्तरेकडील रूप 'न' लोपाच्या आधीच वेगळे झाले होते. रॉन्सेसव्हाल्येसच्या मठाची स्थापना बाराव्या शतकातली. 'आर्नो' ची वाट त्याच्याही आधीच फुटली होती.

यावरून दोन अनुमाने निघतात. पिकोने नोंदविलेले रूप 'आर्नो' च्या पट्ट्यातले नाही. ते दक्षिणेच्या वा पूर्वेच्या बोलीशी जुळते. त्याची शब्दयादी नव्हारी लोकांच्या वर्णनात आली आहे, याच्याशी हे सुसंगत आहे. सबब इरुलेगीच्या मळ्यांच्या प्राचीनतेसाठी 'आर्दुम' चा आधार घेता येणार नाही. दुसरे अनुमान मठपक्षाच्या विरुद्ध जाते. मद्य ही वस्तू जर दक्षिणेकडच्या मठवासीयांनी प्रथमच उत्तरेत आणली असती, तर तिच्याबरोबर तिचे दक्षिणी नाव येणे स्वाभाविक होते आणि आज बाइगोरीचा शेतकरी 'आर्दो' म्हणाला असता. तो 'आर्नो' म्हणतो. शब्द त्याच्याकडे मठाच्या आधीपासून होता.

६

शब्द होता, म्हणून मळा होता काय? प्राचीनतावादी येथेच घसरतात. बास्कमध्ये सफरचंदाला 'सागार' म्हणतात आणि सफरचंदाच्या मद्याला दक्षिणेत 'सागार्दो', उत्तरेत 'सागार्नो'. सातू या धान्यासाठी 'गारागार' हा शब्द आहे, आणि बिअरला 'गारागार्दो' म्हणतात. उत्तरेकडील लेखनात द्राक्षमद्य स्पष्टपणे सांगावयाचे असता 'माहात्सार्नो', म्हणजे 'द्राक्षाचे आर्नो', असाही शब्द योजलेला आढळतो. 'माहात्स' म्हणजे द्राक्ष. 'आर्नो' हा शब्द स्वतःच निःसंशयपणे द्राक्षमद्याचा वाचक असता, तर त्याला 'द्राक्षाचे' हे विशेषण लावण्याची गरज पडली नसती. म्हणून 'आर्दानो' चा मूळ अर्थ 'आंबवून केलेले पेय' इतका व्यापक असण्याची शक्यता डोळ्यांआड करता येत नाही. उत्तरेच्या भूमीत द्राक्षमद्य नाही, पण सफरचंदाचे मद्य आहे, असे पिको लिहितो. त्या साक्षीशी हा अर्थविचार तंतोतंत जुळतो. वेलीवाचूनही 'आर्नो' हा शब्द सफरचंदाच्या बागेत सुखाने जगू शकत होता.

अवजारांचे शब्द आणखी एक गोष्ट सांगतात. पिंपाला बास्कमध्ये 'उपेल' म्हणतात; तो लॅटिन 'कूपेल्ला' पासून आला आहे. फळांचा रस पिळण्याच्या यंत्राला व त्या जागेला 'तोलारे' म्हणतात. त्याच्या मुळाशी लॅटिन 'तोर्कुलार' आहे. द्राक्ष या अर्थाचा 'माहात्स' आणि मद्यवाचक 'आर्दो' मात्र लॅटिन 'उवा' किंवा 'विनुम' यांच्याशी जोडता येत नाहीत. पेय आणि फळ यांची नावे घरची. साठवणीची व पिळण्याची साधने बाहेरची. तेव्हा रोमन संपर्कातून जे आले ते मुख्यतः तंत्र होते, असे म्हणावयास हरकत नाही. त्यानंतर कित्येक शतकांनी मठाकडून आली ती संघटना. पेय, तंत्र आणि संघटना या तीन गोष्टींचे वय निरनिराळे आहे. त्यांना 'द्राक्षमद्याचा आरंभ' या एकाच नावाखाली कोंबले की वाद मिटत नाही.

द्राक्षजातींची बास्क नावेही या दृष्टीने बोधप्रद आहेत. पती मानसेंगला 'इस्किरिओता त्तिपिया' आणि ग्रो मानसेंगला 'इस्किरिओता हाउंदिया' म्हणतात. 'त्तिपिया' म्हणजे धाकटा, 'हाउंदिया' म्हणजे थोरला. पती कुर्बूला 'शुरी सेराटिया' हे नाव आहे. तांबड्या मद्यातील काबेर्ने फ्राँ 'आशेरिया', म्हणजे कोल्हा, या गमतीदार नावाने ओळखला जातो. 'शुरी' म्हणजे पांढरा. दक्षिणेत याच शब्दाचे रूप 'सुरी' असे आहे. बास्कमध्ये लहानपणा किंवा लाडिकपणा दाखविण्यासाठी 'स' सारखे ध्वनी तालव्य करण्याची रीत आहे. उत्तरेत तिचा लाडिकपणा झडून गेला आणि 'शुरी' हेच पांढऱ्याचे नित्याचे नाव झाले. एकच विशेषण घाटाच्या दोन बाजूंना दोन रूपे धारण करते आणि मद्य कोणत्या बाजूचे आहे ते सांगून जाते.

तथापि, द्राक्षजातीच्या नावावरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. समुद्रकाठच्या दक्षिण बास्क प्रदेशात 'चाकोली' नावाचे पांढरे मद्य होते. ते ज्या 'ओंदाराबी सुरी' द्राक्षाचे मानले जाते, त्या एकाच नावाखाली कुर्बू ब्लाँ, क्रुशाँ आणि नोआ अशा तीन वेगळ्या जाती वावरत असल्याचे वनस्पतींच्या जनुकीय तपासणीतून उघड झाले आहे. त्यांपैकी नोआ ही तर अमेरिकन रक्ताची संकरित जात. स्थलनामांचीही तीच कथा. पाम्प्लोनाजवळ इरुलेगी याच नावाचा एक डोंगरी किल्ला आहे. तेथील उत्खननात २०२१ मध्ये सापडलेला कांस्याचा हात आणि त्यावरील इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील कोरीव लेख २०२२ मध्ये जाहीर झाला, आणि तो वास्कोनी भाषेतील असल्याचे मत मांडले गेले. तो इरुलेगी निराळा, हा इरुलेगी निराळा. नाव एक म्हणून त्या लेखाची प्राचीनता या मद्याच्या खाती जमा करणे गैर होईल.

७

आता वर्तमानाचा थोडा विचार करणे अवश्य आहे, कारण प्रश्न केवळ पुराणवस्तूंचा नाही. १९९२ पासून फ्रेंच राज्यघटनेत प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच असे नमूद आहे. २००८ मध्ये प्रादेशिक भाषा या फ्रान्सचा वारसा होत, असे एक कलम जोडले गेले, परंतु त्याने बास्कला अधिकृत भाषेचे स्थान मिळाले नाही. फ्रान्सच्या हद्दीतील तीन बास्क प्रांतांत १९९६ मध्ये प्रौढांपैकी चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक लोक बास्कभाषक होते. २०२१ मध्ये हे प्रमाण पाचव्या हिश्शापर्यंत खाली आले. अशा परिस्थितीत मद्याच्या बाटलीवर 'शुरी' हा शब्द छापला जातो, याला महत्त्व आहे. बाइगोरीच्या सहकारी संस्थेच्या एका पांढऱ्या मद्याचे नावच 'शुरी दांसा' असे आहे. त्यात बास्क विशेषणाला फ्रेंच 'द' हे अव्यय जोडलेले दिसते. दोन भाषांच्या सीमेवर जगणाऱ्या समाजाचे हे बोलके उदाहरण होय. कचेरीत ज्या भाषेला दार उघडत नाही, ती दुकानाच्या फळीवर आपली जागा राखून आहे.

पण याच ठिकाणी धोकाही आहे. शब्द जेव्हा चिठ्ठीवरची शोभा होतो, तेव्हा त्याच्या इतिहासाला दंतकथेचे रूप येण्यास वेळ लागत नाही. 'हजारो वर्षांचे मद्य' असे म्हटले की ग्राहक प्रसन्न होतो, आणि 'आर्नो' हा शब्द जपणाऱ्या, कदाचित सफरचंदाचेच पेय पिणाऱ्या त्या जुन्या डोंगरी लोकांचा खरा इतिहास पुसला जातो. ज्या उत्पादकांनी १९८० नंतर ओस पडलेल्या ताल्या पुन्हा बांधल्या आणि नाहीशा होत चाललेल्या वेली पुन्हा रुजविल्या, त्यांच्या श्रमावरही त्यामुळे पडदा पडतो. आपल्या डोळ्यांदेखत झालेले काम प्राचीन म्हणून सांगणे हा त्या कामाचा गौरव नव्हे.

या विवेचनाचे सार असे. इरुलेगीचे मळे मठाने लावले, ही परंपरा भूगोलाशी आणि पिकोच्या साक्षीशी जुळणारी आहे. तिला नाकारण्याजोगा पुरावा भाषेत नाही. मात्र मठाने द्राक्षमद्य हे पेय आणि त्याचे नाव या लोकांना प्रथम दिले, हे म्हणणे 'आर्नो' या रूपासमोर टिकत नाही. उलट, 'आर्नो' च्या प्राचीनतेवरून मळ्यांची प्राचीनता सिद्ध करणेही 'सागार्नो' आणि 'माहात्सार्नो' यांच्यासमोर टिकत नाही. शब्दाचे वय, वस्तूचे वय आणि धंद्याचे वय या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. भाषेची साक्ष पहिल्याविषयी भक्कम, दुसऱ्याविषयी सूचक आणि तिसऱ्याविषयी बहुधा मुकी असते. पदव्युत्तर अभ्यासकांनी व्युत्पत्तीचा आधार घेऊन सामाजिक इतिहास लिहिताना ही पायरी ओळखली, तर आपल्या स्वतःच्या भाषेतील शेतीच्या, विणकामाच्या किंवा धातुकामाच्या शब्दांविषयीही अधिक जबाबदारीने बोलता येईल.